रिजिड एमटीबी घेताय? आधी मागचं चाक बघ

रिजिड एमटीबी म्हणजे धक्के शोषणारं सस्पेन्शन नसलेली डोंगरवाटांची सायकल. पुढे सस्पेन्शन नाही म्हणून कचरू नकोस. स्वस्त सायकलीवरचा स्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) अडीच किलोच्या आसपास भरतो आणि सिंहगडाच्या चढावर ते वजन तुलाच ओढायचं असतं. रिजिड फोर्कमध्ये बिघडण्यासारखं काही नाही. धक्के टायरवर सोड: २.१ इंची किंवा रुंद, हवा जरा कमी.

दुकानात आधी मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, दाखवतात. शिमानो या सायकलीचे भाग बनवणाऱ्या कंपनीत टूर्नी, आल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओरे अशा चढत्या पायऱ्या आहेत. पण डिरेलर चांगला लावून हब (चाकाचा मधला भाग) हलक्या दर्जाचं घालणं सर्रास चालतं, म्हणून मागच्या दातेरी चकत्या फ्रीव्हीलच्या आहेत (हबवर आट्यांनी बसणाऱ्या) की कॅसेटच्या (फ्रीहब नावाच्या हबवर सरकवून बसवलेल्या), हे स्पष्ट विचार. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवं बेअरिंग बरंच आत असतं, आक्सलचं (हबमधून जाणाऱ्या दांड्याचं) टोक आधाराविना राहतं. माझा आक्सल मुळशीच्या वाटेवर असाच वाकला, आणि सायकल ढकलत परत यावं लागलं. कॅसेटच्या फ्रीहबमध्ये बेअरिंग टोकाजवळ असतं. थोडे पैसे जास्त गेले तरी हेच घे, रंगाचा हट्ट सोड.

मागचं चाक काढायला लाव. आक्सल चिमटीत धरून सावकाश फिरव. खरखर लागली तर कोन (बेअरिंग दाबून धरणारे शंकूसारखे नट) जास्त आवळलेत, खटखट हललं तर ढिले आहेत. दोन्ही तिथेच नीट करून घे, मगच पैसे दे.