अमेरिकेत स्प्रिंकलरचं काम करायला येताय, तर

तुम्ही विचारलंय की आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरच्या डिझाइनचा भारतातला अनुभव अमेरिकेत चालेल का, आणि निघण्याआधी काय वाचावं. व्हिसाचं सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते सोडतो.

एनएफपीए १३ (अमेरिकेतलं स्प्रिंकलर बसवण्याचं मानक) मधलं धोक्याच्या वर्गांचं प्रकरण आधी वाचा: लाइट, ऑर्डिनरी, एक्स्ट्रा, असा चढता धोका. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडचे गट इमारतीचा वापर सांगतात. हे वर्ग विचारतात की आत जळण्यासारखं काय आहे, किती उंच रचलंय, पेटलं तर किती उष्णता सुटेल. एकाच रेस्टॉरंटात बसायची जागा लाइट हॅझर्ड, स्वयंपाकघर ऑर्डिनरी ग्रुप १. वाचनालय लाइट, पण पुस्तकांच्या रॅकची मोठी खोली ऑर्डिनरी ग्रुप २. लाइटला चौरस फुटामागे मिनिटाला ०.१० गॅलन पाणी, ऑर्डिनरी ग्रुप २ ला दुप्पट, दोन्ही १,५०० चौरस फुटांवर एकाच वेळी पडेल असं धरून. एक्स्ट्रा ग्रुप २ ला ०.४०, तेही २,५०० वर. वर्ग चुकला की पाइप, पंप, टाकी सगळ्याचाच हिशेब कोसळतो. शिवाय वर्ग बदलतात: २०२२ च्या आवृत्तीत पार्किंग ऑर्डिनरी ग्रुप १ मधून २ मध्ये गेलं.

तपासणीचं काम मिळालं तर एनएफपीए २५ वाचा, बसवलेल्या यंत्रणेच्या तपासणीचं मानक. स्प्रिंकलरचं हेड गंजलंय का, व्हॉल्व्ह उघडा आहे का, असं बघायचं. मूळ डिझाइन पुरेसं आहे का, हे तपासनिसाने ठरवायचं नसतं. वापर बदलला तर फेरतपासणी करून घेणं मालकाकडे. ऑफिससाठी बांधलेल्या गाळ्यात सोफ्यांचा फोम कापताना दिसतो, म्हणजे सरळ एक्स्ट्रा हॅझर्ड, आणि फॉर्मात त्याला रकानाच नसतो! मी वेगळं पत्र देतो आणि पोच घेतो.

नायसेट या अमेरिकेतल्या तंत्रज्ञांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्राला परीक्षेसोबत कामाचा तपशील लागतो. कोणत्या प्रकल्पात कोणते वर्ग हाताळले ते लिहून साहेबांची सही निघण्याआधीच घ्या. नुसतं ‘डिझाइन इंजिनियर’ लिहिलेलं पत्र घेऊन मी किती ईमेल केले, विचारू नका.

आणि शाळा. प्रवेश अर्जात घरची भाषा विचारतात. आम्ही मराठी लिहिलं. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलगी चाचणीत लाजून गप्प बसली, तर तिला विज्ञानाच्या तासातून उठवून इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात बसवलं. पालकांना याला नकार देता येतो, हे कुणीच बोललं नाही. ती विसरली. मी नाही.

एकटेपणा असतो. कामावर जाणवत नाही, रविवारी जाणवतो. पुढे चला.

तुमचं मूल कितवीत आहे ते कळवा. आठवीच्या पुढे असेल तर मी आत्ता येऊ नका, थांबा म्हणेन.