जर्मनीत एमएसला जाताना भारतातूनच स्वस्त आरोग्य विमा काढला तर चालेल का?

नाही, तो फार तर विमानतळापासून विद्यापीठात नाव नोंदवेपर्यंत पुरतो. नोंदणीच्या वेळी टीके, बार्मर यांसारखी तिथली सार्वजनिक विमा संस्था तुमच्या विम्याची माहिती थेट विद्यापीठाला ऑनलाइन कळवते; त्याशिवाय नोंदणी पुढे सरकत नाही. मी इथेच शिकतो, माझीही अशीच झाली. हप्ता महिन्याला साधारण 140 ते 150 युरो. डोळे पांढरे होतात खरं, पण मग डॉक्टरकडे गेलात की कार्ड दाखवायचं, बिल नाही. चिठ्ठीवरच्या औषधाला बहुधा 5 ते 10 युरो भरायचे. एजंट 30-40 युरोंचा खासगी विमा गळ्यात मारायला बघतात. तो घ्यायचा तर सार्वजनिक विम्यातून सूट घ्यावी लागते, आणि एकदा घेतलेली सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. जुनं दुखणं असेल तर या फंदात पडूच नका. मात्र हे सगळं 30 वर्षांखालच्यांसाठी. तिशी ओलांडली असेल किंवा आधी नुसता भाषेचा कोर्स करणार असाल, तर विद्यार्थी दर मिळत नाही. मग खासगीच बघावा लागतो.