दमसास आधी की तंत्र आधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमचे वय २६, नोकरी अंधेरीला, घर डोंबिवलीला, आणि गेले ८ महिने तुम्ही आठवड्यातून ३ संध्याकाळी बॉक्सिंगच्या क्लासला जाता. दीड तासाच्या क्लासमधील पहिली ५० मिनिटे बर्पी (खाली बसून पाय मागे फेकायचे आणि उडी मारत उठायचे), पुशअप, उड्या आणि धावणे यांत जातात. उरलेल्या वेळात पॅड (सरांनी हातात धरलेल्या गाद्यांवर ठोसे मारणे) आणि स्पारिंग (जोडीदाराबरोबर सरावाची लढत) होते. एवढे करूनही स्पारिंगच्या दुसऱ्या राउंडमध्ये तुमचे हात खाली येतात. म्हणून तुम्ही विचारता की दमसास वाढवण्यासाठी रोज पहाटे आणखी एक तास मेहनत करावी, की तंत्राला अधिक वेळ द्यावा.

माझे मत आधीच सांगतो. पहाटेचा तो तास सध्या घालू नका. क्लासमधील तीच मेहनत, तितकीच, पण तंत्राच्या सरावानंतर करून पाहा. आणि त्याच्याही आधी तुमचा दम नेमका कुठे खर्च होतो ते शोधून काढा. मी लालबागमधील एका तालमीत लहानपणी मातीत लढलो, महाविद्यालयात गेल्यावर बॉक्सिंगकडे वळलो आणि गेली १२ वर्षे नोकरी सांभाळून संध्याकाळी मुलांना शिकवतो. दम पुरत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक मुलांची छाती उत्तम असते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्यांना धावायला पाठवण्याआधी मी एक साधी परीक्षा घेतो.

अंग ताजे असेल अशा दिवशी हेवी बॅगवर (ठोसे मारायच्या टांगलेल्या जड पिशवीवर) ३ मिनिटांचे ३ राउंड, मध्ये १-१ मिनिटाची विश्रांती घेऊन, नेहमीच्या वेगाने खेळा. दुसऱ्या एखाद्या दिवशी तुमच्याच वजनाच्या जोडीदाराबरोबर तेवढेच राउंड हलक्या हाताने स्पारिंग करा आणि कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. बॅगवरचा तिसरा राउंड नीट निभावला आणि स्पारिंगमध्ये मात्र दुसऱ्यातच हात गळाले, तर दोष छातीचा नाही. बॅग उलटून मारत नाही, जोडीदार मारतो. ठोसा येणार या धास्तीने आपण श्वास रोखतो, मुठी राउंडभर आवळून धरतो, खांदे कानांपर्यंत ओढून घेतो आणि गरज नसताना मागेपुढे उड्या मारत राहतो. सतत आवळलेल्या स्नायूतून रक्त मोकळेपणाने फिरत नाही, त्यामुळे ठोसा न मारताही तो थकतो. याउलट बॅगवरही दुसऱ्या राउंडमध्येच जीव घाबरा होत असेल आणि रेल्वेचा पूल चढतानाही धाप लागत असेल, तर मेहनत खरोखरच कमी पडते आहे असे समजावे. हवे तर आणखी एक गोष्ट पाहा: नवख्या मुलाबरोबर खेळताना तुम्हाला तेवढाच दम लागतो का? लागत नसेल, तर तुमचा दम भीती खाते आहे, आणि तिच्यावर बर्पी हा उपाय नाही.

दमसास आणि तंत्र या दोन वेगळ्या पेट्या नाहीत, असे मी का म्हणतो तेही सांगतो. राउंड ३ मिनिटांचा असला तरी त्यातील जोरदार ठोशांच्या सरी काही सेकंदांच्याच असतात. अशा स्फोटक हालचालीला लागणारी ऊर्जा स्नायूत साठवलेल्या फॉस्फोक्रिएटिनमधून मिळते. हा साठा पूर्ण जोर लावल्यास सुमारे १० सेकंदांत ओसरतो आणि तो पुन्हा भरण्याचे काम ऑक्सिजनवर चालते. म्हणजे एक सर संपल्यावर दुसरी सुरू होईपर्यंतच्या वेळात शरीर स्वतःला सावरत असते. तेवढ्या वेळात ज्याचे खांदे सैल पडतात, ज्याचा श्वास मोकळा होतो आणि ज्याचे पाय त्याला एक पाऊल बाजूला नेऊन ठोशांच्या टप्प्याबाहेर ठेवतात, त्याचा साठा भरतो. जो तेवढ्या वेळातही आवळून उभा राहतो, तो कितीही धावला असला तरी दुसऱ्या सरीला रिकाम्या हातांनी जातो. प्रत्येक ठोशाबरोबर नाकातून किंवा दातांतून छोटा ‘स्स्’ असा श्वास सोडायला लावतात त्याचे कारणही हेच आहे. त्यामुळे ठोशाला जोर येतो असे मुलांना वाटते. माझ्या लेखी त्याचा मोठा लाभ हा की श्वास रोखलाच जात नाही.

३० ऑक्टोबर १९७४ रोजी आफ्रिकेतील किन्शासा येथे झालेली मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन या बॉक्सरांची लढत याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. फोरमन २५ वर्षांचा होता, अली ३२ वर्षांचा. नामांकित बॉक्सर जो फ्रेझर आणि केन नॉर्टन या दोघांनाही फोरमनने दुसऱ्याच राउंडमध्ये संपवले होते. अलीने दोरांना पाठ टेकून कित्येक ठोसे हातांवर आणि दंडांवर झेलले, आणि आठव्या राउंडमध्ये थकलेल्या फोरमनला खाली पाडले. फोरमनची ताकद कमी नव्हती; तिचा मोठा भाग ज्या ठोशांवर गेला, ते नीट लागलेच नाहीत. हवेत गेलेला ठोसा लागलेल्या ठोशापेक्षा अधिक थकवतो, कारण तो थांबवण्याचे कामही आपल्याच खांद्याला करावे लागते. दोरांवर टेकून मार खाण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही, पण नेम चुकला की दम जातो, एवढे या लढतीवरून शिकावे.

आता क्रमाविषयी. आमच्या तालमीत पहाटे लढती होत आणि जोर-बैठका संध्याकाळी. मी एकदा वस्तादांना विचारले की आधी बैठका मारून मग मातीत उतरलो तर अंग अधिक तयार होणार नाही का. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मला ३०० बैठका मारायला लावल्या आणि लगेच एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडण्याचा डाव) काढायला सांगितला. मांड्या थरथरत होत्या, त्यामुळे गुडघे वाकण्याऐवजी कंबर वाकली, मान खाली गेली आणि समोरच्याने मला सहज दाबून बसवले. तू आत्ता जे केलेस तेच तुझे अंग लक्षात ठेवणार आहे, एवढेच वस्ताद म्हणाले. बरोबर-चूक अशी निवड अंग करत नाही. जी हालचाल वारंवार होते ती त्यात मुरते. ५० मिनिटांच्या बर्पीनंतर तुम्ही जे जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) मारता ते थकलेल्या खांद्याचे जॅब असतात, आणि ८ महिन्यांत असे हजारो जॅब तुमच्या अंगात मुरले आहेत.

याची किंमत मी स्वतः मोजली आहे. बॉक्सिंगकडे वळलो तेव्हा ज्या ठिकाणी शिकत होतो तिथे सर्व तंत्र मेहनतीनंतर शिकवले जाई. मला तेव्हा ते फार कणखर वाटे. दोन वर्षांत माझा डावा हात जॅबनंतर हनुवटीकडे परत न येता छातीकडे येऊ लागला होता, आणि हे मला कोणी सांगितले नाही, मलाही कळले नाही. महाविद्यालयीन स्पर्धेतील एका लढतीत तिसऱ्या राउंडला त्याच रिकाम्या जागेतून उजव्या हाताचा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, आला आणि मी गुडघ्यावर बसलो. माझा दम तेव्हा शाबूत होता. ती सवय मोडायला मला पुढे जवळपास वर्ष लागले, कारण नवीन हालचाल शिकण्यापेक्षा मुरलेली चूक काढणे फार कष्टाचे असते.

एवढे वाचून मेहनतच नको असा अर्थ कृपया काढू नका. दमसास नसलेला मुलगा तंत्राचा सराव तरी किती वेळ करणार? दहाव्या मिनिटाला लक्ष विचलित होणाऱ्याला कोणी काही शिकवू शकत नाही. मात्र कोणती मेहनत कशासाठी, हे ठरवायला हवे. हृदयाची ताकद कोणत्याही एका हालचालीपुरती नसते: सावकाश धावण्याने ती वाढते आणि रिंगमध्येही उपयोगी पडते. स्नायूंची सहनशक्ती मात्र त्या-त्या हालचालीपुरती असते. बर्पीने वाढलेली सहनशक्ती प्रामुख्याने बर्पीच्याच कामाची.

खाशाबा जाधवांचे उदाहरण आपल्याकडे यासाठी पुरेसे बोलके आहे. मातीत तयार झालेला हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेला तेव्हा मॅट त्याला नवी होती, आणि तो सहावा आला. पुढच्या चार वर्षांत जाधवांनी मॅटवरील कुस्तीचा कसून सराव केला आणि १९५२ साली हेलसिंकीला बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले, जे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ठरले. मातीत कमावलेला दम वाया गेला नाही, पण मॅटवर कामी येण्यासाठी तो मॅटवर घासावा लागला.

म्हणून तुमच्यासाठी माझी सूचना अशी: आठवड्यातून दोनदा ३५ ते ४० मिनिटे अशा वेगाने धावा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. शनिवार-रविवारची सकाळ त्यासाठी पुरेशी आहे. मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके अधिक पडतात. तेव्हा घड्याळाकडे न पाहता श्वासाकडे पाहून धावा, आणि मे किंवा ऑक्टोबरमध्ये वेग आपोआप कमी झाला तर त्याचे दुःख करू नका. पावसाळ्यात घरात दोरीउड्या चालतील. घाम अधिक यावा म्हणून प्लास्टिकचा सूट घालून धावणारी मुले मला आजही दिसतात, आणि मी त्यांना थांबवतो. १९९७ साली अमेरिकेत वजन उतरवण्याच्या अशाच प्रयत्नात ३ महाविद्यालयीन मल्ल महिनाभराच्या अंतरात दगावले होते, आणि त्यानंतर तिथे महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूटवर बंदी आली. त्या घामात दम वाढत नाही, फक्त पाणी जाते.

तीव्र मेहनत आठवड्यातून दोनदा पुरे, आणि ती शक्यतो बॉक्सिंगच्याच हालचालींतून करावी: ३ मिनिटे शॅडो बॉक्सिंग (समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारण्याचा सराव) किंवा बॅग, त्यात दर अर्ध्या मिनिटाला ५ सेकंदांची जोरदार सर, आणि मग १ मिनिट विश्रांती. सरीनंतर खांदे सोडून बाजूला सरकणे हा या व्यायामाचाच भाग समजा. ते केले नाही तर व्यायाम झाला नाही. (हल्ली २० सेकंद काम आणि १० सेकंद विश्रांती अशा घड्याळावर काहीही केले की त्याला ताबाता म्हणतात. इझुमी ताबाता यांचे १९९६ साली प्रसिद्ध झालेले संशोधन सायकलवरचे होते आणि त्यातील तीव्रता इतकी होती की ७-८ फेऱ्यांत माणूस पूर्ण थकून जाई. क्लासमधील बर्पींशी त्याचे साम्य घड्याळापुरतेच आहे.) ताकदीसाठी जोर, बैठका आणि पुलअप, २५ मिनिटे, आठवड्यातून दोनदा, त्यावर अधिक बोलण्यासारखे नाही.

थकलेल्या अंगाने तंत्र कधीच करू नये का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. करावे, पण जे ताज्या अंगाने पक्के झाले आहे तेच. तुमच्यासाठी सध्या ते म्हणजे जॅब, गार्ड (बचावासाठी हात चेहऱ्यापाशी धरणे) आणि टप्प्याबाहेर पडणारे पाऊल. मेहनत संपल्यावर शेवटचे २ राउंड एवढेच करा आणि हात परत येण्याची जागा लागोपाठ तीनदा चुकली की तिथेच थांबा. नवा ठोसा किंवा नवी जोडणी अशा वेळी शिकू नका. आणि अत्यंत थकलेले असताना डोक्यावर मार घेणारे स्पारिंग तर अजिबात करू नका, मग सोबतची मुले काहीही म्हणोत. थकलेला माणूस ठोसा पाहतो पण वेळेवर हलत नाही, आणि डोक्याला बसलेला मार पचवण्याची सवय कोणत्याही मेहनतीने लागत नाही.

पहाटेच्या तासाला मी नाही म्हणालो, त्याचे आणखी एक कारण तुमच्या लोकलच्या वेळापत्रकात आहे. क्लास संपवून तुम्ही घरी पोहोचता रात्री ११ च्या सुमारास. पहाटे ५ ला उठायचे तर झोप जेमतेम पाच तास मिळणार. दिवसा शिकलेली हालचाल मेंदूत पक्की होण्याच्या कामात झोपेचा मोठा वाटा असतो. तेव्हा तो तास तुम्ही मेहनतीला देण्यासाठी तंत्रातून काढून घ्याल, आणि ते तुमच्या लक्षातही येणार नाही.

राहिला प्रश्न तुमच्या सरांचा. ३० मुलांच्या क्लासमध्ये एकट्या माणसाला सर्वांना एकदम कामाला लावायचे तर सामूहिक मेहनत हाच सोयीचा मार्ग असतो, त्यामागे अज्ञान असेलच असे नाही, म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका. क्लासच्या २० मिनिटे आधी पोहोचून आरशासमोर ४ राउंड शॅडो करण्याची परवानगी मागा; सहसा कोणी नाही म्हणत नाही. पहिल्या ५० मिनिटांत शर्यत न लावता नाकाने श्वास घेता येईल एवढ्याच जोराने काम करा, म्हणजे पॅडला उभे राहताना अंग तापलेले असेल, गळालेले नसेल. पॅडवर रोज एकच गोष्ट सुधारायची आहे असे सरांना सांगून ठेवा, आणि आठवड्यातून दोन दिवस क्लासनंतर १० मिनिटे थांबून बॅगवर वरची तीव्र मेहनत करा.

६ आठवड्यांनी त्याच जोडीदाराबरोबर, तेवढेच ३ राउंड, पुन्हा चित्रित करा. डावा हात हनुवटीखाली पहिल्यांदा कोणत्या राउंडच्या कितव्या मिनिटाला आला, तेवढेच दोन्ही चित्रणांतून लिहून काढा आणि इथे कळवा. ती वेळ पुढे सरकली असेल तर पॅडचे राउंड वाढवू. सरकली नसेल आणि बॅगवरही धाप तशीच असेल, तर धावण्याचा तिसरा दिवस कुठे बसवायचा ते पाहू.