शेवटची वर्दी : 'फॉलन फायरफायटर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न टेक्ससमधून आला आहे. तिथे वेको शहराच्या उत्तरेला वेस्ट नावाचं जेमतेम २,८०० वस्तीचं गाव आहे. (वेस्ट ही दिशा नव्हे, गावाचं नावच ते.) १७ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी तिथल्या खताच्या कारखान्याला आग लागली. गावातली माणसं ती विझवायला धावली आणि आग लागल्याचं कळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत अमोनियम नायट्रेटचा साठा फुटला. १५ जण गेले. प्रश्न विचारणाऱ्या बाई तिथून जवळच राहतात आणि त्यांच्या मराठी मंडळाच्या अंकात या माणसांवर एक पान लिहीत आहेत. 'फॉलन मेंबर्स ऑफ द व्हॉलंटिअर फायर डिपार्टमेंट' याचं त्यांनी 'स्वयंसेवी अग्निशामक दलाचे शहीद सदस्य' असं केलं, आणि वाचल्यावर त्यांनाच ते परिपत्रकातलं वाटलं. वडिलांनी पुण्याहून 'धारातीर्थी पडलेले' सुचवलं. भाषांतराच्या यंत्राने तर 'पतित अग्निशामक' असं उत्तर दिलं. यातलं काय घ्यावं, असं त्या विचारतात.

'पतित' ताबडतोब काढून टाका. 'फॉलन' म्हणजे शब्दशः पडलेला; इथे अर्थ, काम करताना मरण आलेला. 'पडणे' हे क्रियापद मरणासाठी आपल्याकडेही आहेच. रणात माणूस पडतो, लढाईत फौज पडते. पण त्याच अर्थाचं संस्कृत रूप मराठीत पापाच्या बाजूला गेलं आणि पतितपावनाच्या वाट्याला आलं. मूळ क्रिया एकच असली तरी 'पडलेला' आणि 'पतित' यांची अदलाबदल होत नाही.

'अग्निशामक' व्याकरणाने बरोबर आहे. शमन म्हणजे विझवण्याची क्रिया, शामक म्हणजे विझवणारा. तरीही 'अग्निशामक' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जिन्यातल्या भिंतीवरचं लाल नळकांडं येतं, माणूस येत नाही. वर्तमानपत्रं 'अग्निशमन दलाचे जवान' लिहितात, आणि शहरातल्या पगारी दलाला ते शोभतंही. माझ्या आजोळी 'बंबवाले' म्हणत. बंब हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा', म्हणजे पंप, यावरून आला. आगीचा बंब आणि न्हाणीघरातला तांब्याचा बंब हे दोन्ही त्याचेच. पोर्तुगालमध्ये आजही आग विझवणाऱ्याला 'बोंबेइरू' म्हणतात, आणि त्या देशातही गावोगावची दलं बहुतांशी बिनपगारीच आहेत. तेव्हा 'बंबवाला' हा शब्द गावठी समजून कुणी बाजूला सारू नये.

खरी अडचण 'व्हॉलंटिअर'ची आहे. आपल्याकडे स्वयंसेवक म्हटला की संमेलनातला बिल्ला लावलेला, खुर्च्या मांडणारा, गर्दी आवरणारा माणूस समोर येतो. म्हणजे मुख्य काम करणारे वेगळे आणि हा त्यांचा मदतनीस. वेस्टमध्ये मुख्य काम करणारे दुसरे कुणी नव्हतेच. अमेरिकेत आग विझवणाऱ्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोक बिनपगारी आहेत. दिवसभर आपापला धंदा-नोकरी करायची आणि पेजर वाजला की हातातलं टाकून निघायचं. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ मध्ये फिलाडेल्फियात शेजाऱ्यांना जमवून जे दल उभं केलं, तेही असंच होतं. म्हणून मी 'गावकऱ्यांचं अग्निशमन दल' असं लिहीन आणि 'त्यातल्या कुणालाही पगार नव्हता' हे पुढच्या वाक्यात सांगीन. एका विशेषणात सगळं कोंबायचं काय कारण?

आता मूळ शब्दाकडे येतो. 'शहीद' अरबी आहे. मुळात अर्थ साक्षीदार. इंग्रजीतल्या 'मार्टर'चं ग्रीक मूळही साक्षीदारच. आपल्या श्रद्धेची साक्ष प्राण देऊन देणारा, असा तो प्रवास आहे. 'हुतात्मा' सावरकरांनी मराठीला दिला, आणि हुतात्मा चौकामुळे तो घराघरांत पोहोचला. या प्रश्नात त्याची फोड पाहण्यासारखी आहे. 'हु' म्हणजे अग्नीत आहुती देणे. हुत म्हणजे अर्पण केलेलं. आहुती खातो तो हुताशन, म्हणजे खुद्द अग्नी. होळीच्या पौर्णिमेला हुताशनी म्हणतात ती त्यामुळेच. म्हणजे हुतात्मा या शब्दाच्या पोटातच आग आहे! प्रथमदर्शनी वाटतं, आगीत गेलेल्या माणसाला याहून नेमका शब्द कुठला?

मला मात्र तो इथे पटत नाही. आहुतीने अग्नी प्रसन्न होतो, वाढतो. ही माणसं त्याला काही अर्पण करायला गेली नव्हती; त्याच्या तोंडचं काढून घ्यायला गेली होती. आग विझवून ती रात्री घरी जेवायला परतणार होती. हुतात्म्याच्या मरणात एक निर्धार असतो, समोर अन्याय करणारी सत्ता असते. इथे समोर पेटलेलं कोठार होतं, आणि आत काय साठवलंय, ते किती धोक्याचं आहे, याची पुरती कल्पनाही त्यांना कुणी दिलेली नव्हती. त्यांच्या मरणाला आहुती म्हटलं की ते अटळ आणि पवित्र वाटू लागतं. ते टाळता आलं असतं, आणि शब्दाने ही गोष्ट झाकू नये असं मला मनापासून वाटतं.

'धारातीर्थी'चा मोह मी समजू शकतो. हातात नळी, नळीतून पाण्याची धार. पण ही धारा तलवारीची आहे. शस्त्राच्या धारेलाच तीर्थ मानून तिथे देह ठेवला, असा त्याचा अर्थ; तो पाण्यावर ओढू नये.

शब्द निवडताना कुणासाठी निवडतोय हेही बघायला हवं. वेस्टच्या १५ मृतांपैकी १२ जण आगीवर गेलेले होते. त्यांत वेस्टच्या दलाचे ५ होते, शेजारच्या गावांतल्या दलांचे लोक होते. आणि दोघे कुठल्याच दलात नव्हते. गावचे नागरिक, मदत लागेल म्हणून गेलेले. 'शहीद सदस्य' किंवा 'शहीद जवान' लिहिलंत की हे दोघे बाहेर राहतात. वर्गवारीचं नाम टाळून क्रियापदावर या, म्हणजे बाराही जण एका वाक्यात बसतात.

ते क्रियापद आपल्याकडे जुनं आहे : कामी येणे. बखरींत माणसं लढाईत कामी येतात. 'तुझी मदत कामी आली' असंही आपण रोज म्हणतो. उपयोगी पडणं आणि मरणं हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहतात, आणि ज्यांचं ते पोटापाण्याचं कामही नव्हतं, त्यांना तो जसा लागू पडतो तसा दुसरा कुठलाच पडत नाही. तरुण वाचक फक्त 'उपयोगी पडले' असं वाचतील अशी शंका असेल, तर 'आग विझवताना कामी आले' लिहा, घोटाळा होणार नाही.

बाईंचा एक उपप्रश्न होता. अमेरिकेत अशा अंत्यविधीत ठरावीक ठोक्यांनी घंटा वाजवतात, कधी बिनतारी संचावर त्या माणसाचं नाव पुकारतात, उत्तर येत नाही. याला 'लास्ट अलार्म' म्हणतात. 'शेवटचा गजर' लिहू का? नको. गजर घड्याळाचा आणि विठ्ठलाचा. आपल्या अग्निशमन दलाचा स्वतःचा शब्द आहे : वर्दी. हिंदीत वर्दी म्हणजे गणवेश, मराठीत खबर. आगीची वर्दी मिळते, जवान वर्दीवर जातात. (रिक्षावाल्याची शाळेची वर्दी तुम्ही ऐकली असेलच.) म्हणून 'शेवटची वर्दी'.

हे लिहिताना एप्रिलच्या तारखा मनात येत राहिल्या. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाची आग विझवताना स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. १६ एप्रिल १९४७ ला टेक्ससच्याच टेक्सस सिटी बंदरात अमोनियम नायट्रेटने भरलेलं जहाज फुटलं. तिथल्या गावकऱ्यांच्या दलात २८ माणसं होती, त्यांतली २७ गेली. १७ एप्रिल २०१३, वेस्ट. तीन दिवस लागोपाठ म्हणावेत असे. तुमच्या पानावर मुंबईचा उल्लेख अवश्य करा; मराठी वाचकाला वेस्टपर्यंत पोहोचायला तो रस्ता जवळचा आहे.

पानाच्या माथ्यावर घालायला मी असं लिहीन :

'१७ एप्रिल २०१३. संध्याकाळी वर्दी आली. गावची माणसं आग विझवायला गेली. बारा जण कामी आले.'

आणि खाली बाराही नावं, दलातली कोण आणि बाहेरची कोण असा भेद न करता, एकाच ठशात.