लेकीला पाठवा, पण सुकन्याच्या खात्याला हात लावू नका

नमस्कार ताई,

तुमचा मेसेज दोनदा वाचला आणि मग कॅल्क्युलेटर घेऊन बसले. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत लिहिते. तुम्ही ऐरोलीला राहता, मिस्टर रबाळे एमआयडीसीत, तुम्ही शाळेच्या ऑफिसमधे, दोघांचे मिळून 1 लाख 28 हजार हातात येतात, 41 हजार घराच्या हप्त्याला जातात आणि सगळं भागवून महिन्याला 24 हजार उरतात. लेक दहावीत आहे, तिला अकरावीच्या आधी एक वर्ष अमेरिकेतल्या हायस्कूलला एक्सचेंजवर जायचंय. एजन्सीने साडेअकरा लाख सांगितलेत, रविवारपर्यंत 1 लाख भरा, ते परत मिळणार नाहीत म्हणतायत, आणि तुम्ही लेकीच्या सुकन्या समृद्धी या सरकारी बचत योजनेच्या खात्यातून साडेपाच लाख काढून बाकीचे सहा लाख दागिने गहाण ठेवून उचलायचं म्हणताय.

माझं मत आधीच सांगते, रविवारी पैसे भरू नका. लेकीने जावं असंच मला वाटतं, या वयात वर्षभर दुसऱ्याच्या घरी राहून आलेली मुलं मी बघितलीयेत, स्वतःचं ताट उचलण्यापासून ते बँकेत जाऊन बोलण्यापर्यंत फरक दिसतो. पण या वर्षातून डिग्री मिळत नाही, तिकडचा हायस्कूल डिप्लोमा मिळेल याचीही हमी नसते, आणि परत येऊन अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायचाच आहे. म्हणजे हा सरळ खर्च आहे, गुंतवणूक नाही. एज्युकेशन लोनच्या व्याजावर टॅक्सची जी सूट असते ना, तीसुद्धा बारावीनंतरच्या शिक्षणालाच असते, त्यामुळे तो आधारही इथे नाही.

आता सुकन्या. खातं 2015 ला उघडलंत, आज 11 लाख आहेत, दहावी झाल्यावर शिक्षणासाठी आदल्या मार्चअखेरच्या शिलकीच्या निम्मे काढता येतात हे तुमचं बरोबर आहे. पण ते 2027 ला काढलेत तर 2030 ला, म्हणजे बारावी होऊन खरी मोठी फी भरायची वेळ येईल तेव्हा, हात रिकामा. तेच साडेपाच लाख 8.2 टक्क्यांनी तिथेच राहिले तर 2030 पर्यंत 7 लाखाच्या जवळ जातात, आणि इंजिनीअरिंग म्हणा, नर्सिंग म्हणा, तेव्हा काढायला मोकळे असतात. हे पैसे तुम्ही अकरा वर्षं दर महिन्याला पोस्टात जाऊन भरलेत ताई, ते त्याच कामाला लागू देत.

कोटेशनचा फोटो मी मोठा करून बघितला. तिसरी ओळ होमस्टे चार्जेस 3 लाख 20 हजार, खाली ट्युइशन फी. इथे मला शंका आली. खरं एक्सचेंज जे-1 व्हिसावर असतं, त्यात होस्ट फॅमिली तुमच्या मुलीला बिनपैशाने ठेवते, अमेरिकन सरकारचा नियमच आहे की त्यांना मोबदला द्यायचा नाही, आणि संस्थेला तिकडच्या स्टेट डिपार्टमेंटची, म्हणजे परराष्ट्र खात्याची, मान्यता लागते, ती यादी नेटवर उघड बघता येते. एफ-1 व्हिसावर पाठवत असतील तर ते एक्सचेंज नाही, पैसे भरून घेतलेली ॲडमिशन आहे, सरकारी शाळेत तर पूर्ण खर्च भरून जास्तीत जास्त 12 महिनेच राहता येतं. दोन्ही कायदेशीर आहे, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तुम्हाला कोणता व्हिसा हे अजून सांगितलेलंच नाहीये!

एजन्सीला पैसे भरायच्या आधी रोटरीत चौकशी करा. ठाण्यात आणि नवी मुंबईत रोटरीचे भरपूर क्लब आहेत, त्यांच्या यूथ एक्सचेंजला आईवडील मेंबर असावे लागत नाहीत, तिकडे राहणं-जेवण होस्ट घराकडे, शाळेची सोय ते करतात, तुमच्याकडे तिकीट, विमा, व्हिसा आणि वरखर्च राहतो. बहुतेक वेळा बदल्यात तिकडचं एखादं मूल तुमच्या घरी ठेवावं लागतं, टू बीएचके आहे तर जमेल, पण सासूबाईंशी आधी बोला. देश मात्र अमेरिकाच मिळेल असं नाही. एएफएसच्या स्कॉलरशिपचंही विचारा, 1947 पासून ते शाळकरी मुलांचं एक्सचेंज करतायत.

वरखर्च कोणी धरतच नाही. माझे वाशीचे एक क्लायंट आहेत, मुलगा दहा महिने गेला होता, त्यांनी दोनशे पानी वहीत सगळं लिहून ठेवलं होतं, पहिल्याच पानावर थंडीचं जॅकेट आणि बूट, मग बास्केटबॉलची फी, फोनचं रिचार्ज, मित्रांबरोबर पिझ्झा, नाताळला होस्ट घरातल्या पाच जणांना भेटी, आणि प्रत्येक ओळीपुढे त्या दिवसाचा डॉलरचा भाव. सरासरी महिना 250 डॉलर. डॉलर 90 रुपये धरला तरी साडेबावीस हजार झाले आणि तुमचे उरतात 24, म्हणजे दहा महिने घरात बचत जवळपास शून्य, त्यावर गोल्ड लोनचं व्याज कुठून भरणार? रोटरीतून गेली तरी हा खर्च आहेच, म्हणून आत्तापासून दरमहा 15 हजार वेगळ्या आरडीत टाका, जायच्या वेळेपर्यंत तिकीट आणि विम्याचं बरंचसं जमेल. 3 लाखाची एफडी आणि दागिने तसेच राहू देत, घराचा हप्ता चालू असताना ती एफडी म्हणजे तुमचा श्वास आहे.

टीसीएसचं, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते त्या टॅक्सचं विचारलंत, 2025 च्या एप्रिलपासून एका आर्थिक वर्षात माणशी 10 लाखापर्यंत बाहेर पाठवलेल्या पैशावर तो लागत नाही, त्यामुळे त्याची काळजी आत्ता सोडा.

एजन्सीला आजच व्हॉट्सॲपवर एवढंच लिहा, व्हिसा जे-1 की एफ-1, स्पॉन्सर संस्थेचं नाव काय, आणि व्हिसा नाकारला तर किती पैसे परत, हे लेखी द्या मग बघू. उत्तर आलं की कोटेशनसकट मला पाठवा, मी ओळ न ओळ बघून सांगते.