हरभऱ्याचं उरलेलं रायझोबियम सोयाबीनला चालेल का?

रब्बीत हरभऱ्यासाठी आणलेलं रायझोबियमचं पाकीट उरलंय, ते सोयाबीनच्या बियाण्याला लावलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नका लावू. रायझोबियम म्हणजे डाळवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला मिळवून देणारे जिवाणू; पण प्रत्येक पिकाचा जिवाणू वेगळा. मी नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. पेरणीच्या तोंडावर हा प्रश्न मला नेहमी येतो.

सोयाबीनचं मूळ मातीत जेनिस्टीन, डेडझीन अशी रसायनं सोडतं. ब्रॅडीरायझोबियम जापोनिकम या जिवाणूला ती कळतात. त्याच्यातलं नॉड-डी प्रथिन जागं होतं, काही ठरावीक जनुकं चालू होतात आणि जिवाणू उलट आपला रेणू सोडतो, तो नॉड घटक. कायटिनसारख्या चार-पाच शर्करांची साखळी, टोकाला स्निग्धाम्लाची शेपटी आणि त्यावर बारीकसारीक रासायनिक जोडण्या. या जोडण्या जिवाणूगणिक बदलतात. मुळाच्या पेशीवरची ग्राही प्रथिनं त्यावरूनच आपला कोण, परका कोण हे ओळखतात. ओळख पटली की मूळरोम (मुळावरचा बारीक केस) वळतो, जिवाणूला कवेत घेतो आणि आतल्या आत नळी तयार करून त्याला खोल नेतो. एरवी जिवाणूंना हुसकावणारं झाड इथे स्वतः वाट करून देतं! इतकी वर्षं शिकवूनही मला याचं नवल वाटतं.

हरभऱ्याच्या पाकिटात असतो मेसोरायझोबियम सिसेरी. त्याची ही खूण सोयाबीनला पटत नाही, त्यामुळे गाठी धरतच नाहीत. तूर, मूग, उडीद, चवळी यांचं एकमेकांच्या जिवाणूंशी बऱ्यापैकी जमतं. सोयाबीन आणि हरभरा त्यात बसत नाहीत. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. घरात पडून राहिलेल्या पाकिटात जिवाणू कितीसे जिवंत उरणार?

सोयाबीनचंच ताजं संवर्धक (जिवाणूंचं पाकीट) घ्या, मुदत पाहून. बुरशीनाशक आधी, संवर्धक शेवटी. बियाणं सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.

युरियाचा हात आवरता घ्या. गाठी पोसायला झाडाला आपली साखर खर्चावी लागते, म्हणून मातीत आयतं नायट्रेट मिळालं की ते गाठी धरणंच कमी करतं.

पेरणीनंतर ३५-४० दिवसांनी एक-दोन झाडं खुरप्याने मातीसकट काढा. उपटलीत तर गाठी मातीतच तुटून राहतात. गाठ नखाने फोडा. आत लालसर गुलाबी दिसली तर नत्राचं काम सुरू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. हवेतलं नत्र धरणारं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून हे प्रथिन ऑक्सिजन धरून ठेवतं. वावरात आधी सोयाबीन होत आलं असेल तर योग्य जिवाणू मातीत बहुधा असतीलच. आजवर नुसती पऱ्हाटीच (कपाशी) घेतली असेल, तर बीजप्रक्रिया अजिबात टाळू नका.