एकट्या डेव्हलपरच्या नोट्स ॲपवर विसंबावे का? तो उद्या गायब झाला तर?

विसंबायला हरकत नाही, मात्र तुमच्या नोंदी त्या ॲपशिवायही उघडता आल्या पाहिजेत. ऑब्सिडियनसारखे ॲप प्रत्येक नोंद तुमच्याच फोल्डरमध्ये मार्कडाउन फाइल (मांडणीसाठी साधी चिन्हे वापरणारा साधा मजकूर) म्हणून ठेवते, आणि २००४ पासून रूढ असलेली ही पद्धत साध्या नोटपॅडमध्येही वाचता येते; शीर्षकाआधी हॅशचे चिन्ह दिसते, एवढेच. याउलट फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशन या नोट्स ॲपच्या कंपनीने स्किफ ही ईमेल व दस्तऐवजांची सेवा विकत घेतली आणि त्याच वर्षी स्किफ बंद झाले, तेव्हा वापरकर्त्यांना ठरावीक मुदतीत सगळे बाहेर काढावे लागले. (मोठी कंपनी असली म्हणून धोका टळत नाही, गूगल नोटबुकही बंद झालेच.) मात्र मजकूर शाबूत राहिला तरी प्लगइनवर (ॲपला वरून जोडलेल्या जादा सोयींवर) उभे केलेले तक्ते इतरत्र नुसत्या कोडच्या ओळी म्हणून दिसतात, त्यामुळे महत्त्वाची माहिती त्यांच्या भरवशावर ठेवू नका.